लेझर पॉइंटर झपाझप चालू-बंद करायचाय? अडतं कुठे ते आधी बघा

या वेळी लेझर पॉइंटरबद्दल बरेच प्रश्न आलेत, बहुतेक प्रोजेक्टच्या सीझनमुळे. त्यातले निवडक घेतलेत आणि पहिल्याचं उत्तर मुद्दाम मोठं दिलंय कारण बाकीच्यांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : माझ्याकडे चावीच्या जुडग्याला लावायचा साधा लाल लेझर पॉइंटर आहे. प्रोजेक्टसाठी तो सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करायचाय. पॉइंटरचं बटण कायमचं दाबून ठेवलं आणि त्याच्या सप्लायमध्ये बीसी ५४७ ट्रान्झिस्टर टाकून त्याच्या बेसला, म्हणजे चालू-बंद करणाऱ्या पायाला, आर्डुइनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डाची पिन दिली. पॉइंटर हलवून भिंतीवर रेष मारली की शंभर-दोनशे हर्ट्झला मस्त तुटक तुटक दिसते पण एक किलोहर्ट्झच्या आसपास गेलो की रेष सलग होते, नुसती जरा मंद. म्हणजे लेझर बंदच होत नाहीये. डायोड स्लो आहे का? महागडा घेऊ का? – डिप्लोमाचा विद्यार्थी, सांगली

उत्तर : महागडा अजिबात घेऊ नका. तुमचा डायोड स्लो नाहीये. पॉइंटरमध्ये साधारण ६५० नॅनोमीटरचा लाल डायोड असतो, डीव्हीडी प्लेअरमध्ये डिस्क वाचायला ज्या जातीचा असतो त्याच जातीचा, आणि त्या प्लेअरमध्ये सिग्नलमधली खरखर, म्हणजे नॉइज, कमी करायला त्याचा करंट शेकडो मेगाहर्ट्झने हलवलेला असतो. फायबरवर इंटरनेट नेणारे डायोड लेझर तर सेकंदाला अब्जावधी वेळा चालू-बंद होतात. तेव्हा एक किलोहर्ट्झ म्हणजे डायोडसाठी काहीच नाही. अडतंय ते डायोडच्या आजूबाजूला, आणि तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय पॉइंटरच्या आतल्या कपॅसिटरवर आहे.

पॉइंटर उघडला की पितळी नळीच्या मागे बोटाच्या पेराएवढी छोटी सर्किट पट्टी दिसेल. अगदी स्वस्तातल्यात तिच्यावर फक्त एक रेझिस्टर असतो, काहींमध्ये तोही नसतो आणि करंट मर्यादेत ठेवायचं काम त्या बटण सेलच्या आतल्या रेझिस्टन्सवर सोडलेलं असतं. जरा बऱ्यापैकी पॉइंटरमध्ये रेझिस्टरच्या जोडीला कपॅसिटर असतो, आणि त्याहून चांगल्यात एक-दोन ट्रान्झिस्टर असून डायोडच्याच डबीत बसवलेल्या फोटोडायोडकडून उजेडाचा अंदाज घेऊन करंट कमी-जास्त केला जातो. अशा डायोडला तीन पाय असतात, त्यावरून ओळखता येतो.

कपॅसिटर काय करतो? नगरपालिकेचं पाणी गेलं तरी गच्चीवरच्या टाकीमुळे घरात नळ थोडा वेळ चालू राहतो ना, तेच. तुम्ही ट्रान्झिस्टर बंद केला तरी कपॅसिटरमध्ये साठलेल्या चार्जवर डायोड पेटत राहतो. हिशोब करून बघा. कपॅसिटर १० मायक्रोफॅरडचा आणि डायोड २५ मिलिअँपिअर खातोय असं धरलं तर व्होल्टेज दर मिलिसेकंदाला अडीच व्होल्टने उतरतं. साडेचार व्होल्टवरून लेझर विझेपर्यंत खाली यायला अर्धा मिलिसेकंद तरी जाणार, आणि एक किलोहर्ट्झला तुमच्याकडे बंद राहायला वेळच मुळी अर्धा मिलिसेकंद आहे. म्हणजे विझायच्या आत पुन्हा चालू. तुम्हाला दिसलं ते अगदी हेच.

मग साधा रेझिस्टर-कपॅसिटरवाला पॉइंटर असेल तर कपॅसिटर सोल्डरिंग आयर्नने अलगद काढून टाका, काम झालं. पण ट्रान्झिस्टर आणि फोटोडायोडवाला असेल तर थांबा. तिथला कपॅसिटर त्या कंट्रोल सर्किटला सबुरीने चालवायला ठेवलेला असतो, तो काढला तर प्रत्येक वेळी चालू होताना करंट एकदम वर उसळू शकतो आणि डायोड जातो. तिथे सगळी पट्टीच बाजूला काढायची, डायोड मोकळा करायचा आणि स्वतःचा रेझिस्टर टाकून चालवायचा.

रेझिस्टर किती? अंदाजाने टाकू नका, आधी मोजा. काही उघडायच्या आधी, मूळ सेल आत असतानाच मागची टोपी काढा, मल्टिमीटर मिलिअँपिअरवर ठेवून एक टोक सेलच्या मागच्या बाजूला आणि एक पॉइंटरच्या धातूच्या अंगाला लावा, बटण दाबा. बहुतेक वेळा २० ते ४० च्या मधला आकडा येतो. तोच तुमचा वरचा आकडा, त्याच्यावर कधीच जायचं नाही. लाल डायोडवर साधारण २.२ व्होल्ट पडतात, म्हणजे ५ व्होल्टवर १०० ओहम टाकला तर उरलेल्या २.८ व्होल्टमुळे २८ मिलिअँपिअर जातील. सुरुवात १५० किंवा १८० ओहमने करा आणि हळूहळू खाली या. एका ठरावीक करंटच्या खाली डायोड लेझर म्हणून चालतच नाही, साध्या एलईडीसारखा मिणमिणतो, मग तो करंट ओलांडला की ठिपका एकदम झळकतो. ही जागा लक्षात ठेवा, पुढे कामाला येते.

आता एक गोष्ट कळकळीने सांगतो. एलईडीला कमी वेळाचे पल्स देताना आपण तिप्पट-चौपट करंट देतो आणि ती बिचारी सहन करते, कारण तिथे प्रश्न फक्त तापण्याचा असतो. लेझर डायोडला ही सवय लावू नका. त्याच्या टोकाचा आरसा म्हणजे केसाहूनही कितीतरी बारीक जागा असते आणि तिथे उजेडाची तीव्रता मर्यादेबाहेर गेली की तो आरसाच जळतो, मायक्रोसेकंदातसुद्धा, गरम व्हायची वाट बघत नाही. नंतर डायोड एलईडीसारखा मंद लागतो आणि लोकांना वाटतं सेल उतरले. म्हणून पल्स कितीही छोटा असो, करंट सलग चालवताना जेवढा देता तेवढाच. उलट्या दिशेच्या झटक्याला पण हा डायोड फार नाजूक, एक-दोन व्होल्ट उलटे पडले तरी त्याला चालत नाही. म्हणून अगदी त्याच्या पायांजवळ एक १एन४१४८ हा छोटा साधा डायोड उलटा लावून ठेवा आणि वायरी छोट्या, एकमेकींना पीळ दिलेल्या ठेवा.

कपॅसिटर गेला की पुढची अडचण ट्रान्झिस्टर. बीसी ५४७ वाईट नाही, पण बेसला गरजेपेक्षा जास्त करंट देऊन तो पूर्ण उघडला की त्याच्या आत चार्ज साठून राहतो आणि बेस बंद केल्यावर तो मायक्रोसेकंदाच्या हिशोबात उशिरा बंद होतो. दहा किलोहर्ट्झपर्यंत तुम्हाला कळणारही नाही, शंभर किलोहर्ट्झला मात्र पल्सची लांबी-रुंदी बिघडलेली दिसेल. बेसच्या रेझिस्टरवर समांतर शंभर पिकोफॅरडचा कपॅसिटर टाकला की बराच फरक पडतो, पण त्यापेक्षा २एन७००० सारखा छोटा मॉसफेट, म्हणजे बेसऐवजी गेट नावाच्या पायावरच्या व्होल्टेजने चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर, लावा. ५ व्होल्टच्या आर्डुइनोवर तो एवढ्या करंटला आरामात चालतो आणि नॅनोसेकंदात बदलतो. गेटला शंभर ओहम सिरीजमध्ये आणि गेट ते ग्राउंड दहा किलोओहम, म्हणजे आर्डुइनो चालू होताना गेट हवेत लोंबकळत नाही. ईएसपी ३२ सारखा ३.३ व्होल्टचा बोर्ड असेल तर २एन७०००ची खात्री नाही, तिथे एओ ३४०० घ्या किंवा सरळ बीसी ५४७वरच राहा. मॉसफेट खाली, ग्राउंडच्या बाजूला लावायचा. बऱ्याच पॉइंटरमध्ये पितळी नळी प्लसला आणि आतली स्प्रिंग मायनसला असते, त्यामुळे हे सोयीचंच पडतं, तरी मीटरने बघून घ्या. आणि लेझर थेट आर्डुइनोच्या पिनवर चालवणारे खूप जण आहेत, पण आर्डुइनो उनो या नेहमीच्या बोर्डाच्या पिनची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे आणि रोज चालवायला २० च्या आतच बरं, तेव्हा एका स्वस्त मॉसफेटसाठी बोर्ड पणाला लावू नका.

तिसरी अडचण प्रोग्रामची. डिजिटलराइट ही कमांड उनोवर प्रत्येक वेळी काही मायक्रोसेकंद खाते, म्हणजे लूपमध्ये नुसतं चालू-बंद लिहिलं तरी शंभर किलोहर्ट्झच्या आसपासच दम लागतो. पोर्टला थेट लिहा, किंवा सगळ्यात छान म्हणजे चिपच्या टायमरलाच काम लावा, तो मागे बिनबोभाट पल्स देत बसतो आणि तुमचा प्रोग्राम मोकळा राहतो. ॲनालॉगराइट या कमांडने मिळतो तो पीडब्ल्यूएम, म्हणजे चालू-बंदचं प्रमाण बदलता येणारे पल्स, बहुतेक पिनवर फक्त ४९० हर्ट्झचा असतो हेही माहीत असू द्या.

तुमची भिंतीवर रेष मारायची टेस्ट मला फार आवडली. ठिपका भिंतीवर सेकंदाला १० मीटर वेगाने सरकवला तर एक किलोहर्ट्झला दर सेंटिमीटरला एक तुकडा दिसायला हवा, आणि लांबच्या भिंतीवर हा वेग मनगटाच्या झटक्यात येतो. त्याच्या पुढे मात्र डोळा पुरत नाही, तिथे फोटोडायोड आणि ऑसिलोस्कोप. कॉलेजच्या लॅबमध्ये असतो, मागा.

प्रश्न : सर, मी दहावीत आहे. विज्ञान प्रदर्शनात लेझरवरून गाणं पाठवायचंय. काही जण लेझरच्या वायरीत थेट ऑडिओ सोडतात, काही जण म्हणतात ५५५ ने चालू-बंद करून पाठव. कोणतं चांगलं? – विद्यार्थिनी, नगर

उत्तर : दोन्हीने गाणं पोहोचतं, पण तुझ्या जागी मी ५५५ चं, म्हणजे ठरावीक वेगाने चालू-बंद करणाऱ्या त्या छोट्या टायमर चिपचं, केलं असतं. थेट ऑडिओ सोडला की लेझरचा करंट गाण्याबरोबर वर-खाली होतो. वर फार गेला तर डायोड जातो आणि खाली फार आला तर वर सांगितलेल्या त्या मिणमिणत्या भागात शिरतो, तिथे उजेड करंटच्या प्रमाणात राहत नाही आणि आवाज फाटतो. चालू-बंदवाल्या पद्धतीत लेझर एक तर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद, मधलं काही नाही, त्यामुळे ही भानगडच नाही. गाणं कशात असतं तर किती वेळ चालू आणि किती वेळ बंद यात.

५५५ ला एक किलोओहम, दहा किलोओहम आणि एक नॅनोफॅरड लावलास तर १.४४ भागिले आर-वन अधिक दोन आर-टू गुणिले सी या सूत्राने साधारण ६९ किलोहर्ट्झ येतात, म्हणजे कानाला ऐकू येण्याच्या कितीतरी वर. मोबाइलचा ऑडिओ १० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून पाच नंबरच्या पिनला द्यायचा. मग काय होतं की ५५५ चा बंद राहायचा वेळ तेवढाच राहतो आणि चालू राहायचा वेळ गाण्याप्रमाणे कमी-जास्त होतो, म्हणजे सरासरी उजेड गाण्याप्रमाणे हलतो. आउटपुटला वरच्या उत्तरातला मॉसफेट आणि लेझर. समोर छोटा सोलर सेल, त्याच्या वायरी ॲम्प्लिफायरच्या इनपुटला. सोलर सेल एवढा मोठा आणि सुस्त असतो की ६९ किलोहर्ट्झचं चालू-बंद त्याला झेपतच नाही, तो आपोआप सरासरी काढतो आणि तुला हवं ते गाणंच बाहेर येतं. इथे सुस्तपणा कामाला येतो बघ.

फॉर्मवर इतिहास लिहायचा असेल तर हे लिही : अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि चार्ल्स समनर टेंटर यांनी १८८० मध्ये वॉशिंग्टनला सूर्याच्या उजेडावरून बोलणं सुमारे २१३ मीटर लांब पाठवलं होतं. बोलण्याने थरथरणारा पातळ आरसा आणि पलीकडे सेलेनियम. त्याला फोटोफोन म्हणतात. लेझर तेव्हा नव्हताच, पहिला लेझर १९६० चा. परीक्षकांना हे सांग आणि मग हात मध्ये घालून गाणं थांबवून दाखव.

प्रश्न : हिरव्या पॉइंटरला हेच सर्किट लावलं तर पल्स वेडेवाकडे येतात, कधी जास्त तेज तर कधी गायब. लाल व्यवस्थित चालतो. असं का? – वाचक, नाशिक

उत्तर : कारण नेहमीच्या ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या पॉइंटरमध्ये हिरवा डायोड नसतोच. आत ८०८ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड डायोड असतो, तो निओडिमियमवाल्या क्रिस्टलला पेटवतो, त्यातून १०६४ चा इन्फ्रारेड निघतो आणि केटीपी नावाचा दुसरा क्रिस्टल त्याचं ५३२ करतो. क्रिस्टलमध्ये ऊर्जा साठायला आणि सुटायला शंभरेक मायक्रोसेकंदाच्या घरात वेळ जातो, आणि तापमान जरा बदललं तरी सगळा ताळमेळ हलतो. त्यामुळे काही किलोहर्ट्झच्या पुढे याच्याकडून नीटनेटके पल्स मागू नका. वेगाचं काम असेल तर लाल घ्या. आणि स्वस्त हिरव्या पॉइंटरमध्ये इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर कधीकधी बसवलेलाच नसतो, तो न दिसणारा उजेड हिरव्याच्या बरोबर बाहेर येतो आणि डोळ्याला तो जास्त घातक, कारण दिसतच नाही तर पापणी मिटणार कशी.

प्रश्न : अर्धा वेळ बंद म्हणजे अर्धीच पॉवर, मग चालू-बंद होणारा लेझर डोळ्याला सेफ ना? – पालक, ठाणे

उत्तर : नाही. सरासरी अर्धी होते हे खरं, पण प्रत्येक पल्सची तीव्रता पूर्णच असते, आणि लेझरचा ठिपका डोळ्याच्या आत पडद्यावर अगदी बारीक जागेत गोळा होतो. १ मिलिवॅटच्या आतल्या लेझरला वर्ग २ म्हणतात, तिथे पाव सेकंदात आपण पापणी मिटतो त्यावर भिस्त असते. ५ मिलिवॅटपर्यंतचा वर्ग ३आर, तिथून पुढे भिस्त ठेवायला जागा कमी. स्टिकरवर ५ लिहिलंय म्हणून आत ५ च असेल असंही नाही, बाजारातल्या स्वस्त मालात जास्त निघतो. गणपतीच्या मिरवणुकीतल्या लेझरने पोरांच्या डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात, ते लेझर पॉइंटरच्या कितीतरी पट ताकदीचे होते, पण डोळा तोच आहे. प्रयोग करताना लेझर टेबलाला पक्का बांधलेला, किरण बसलेल्या आणि उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर नाही, शेवटी काळा पुठ्ठा, आणि आसपास स्टीलचं भांडं, घड्याळ, आरसा काही नाही. विमानाकडे रोखणं तर गुन्हाच आहे. आणखी एक, सेकंदाला तीन ते तीस वेळा लुकलुकणाऱ्या उजेडाने काही जणांना फिट येऊ शकते, म्हणून प्रदर्शनात त्या वेगाने लुकलुकवत ठेवू नका.

प्रश्न : रानडुकरं शेतात शिरतात म्हणून बांधावर लेझर आणि समोर सेन्सर लावून किरण तुटला की भोंगा वाजेल असं केलंय. रात्री ठीक चालतं पण सकाळी ऊन सेन्सरवर आलं की तो आंधळा होतो आणि किरण तुटला तरी भोंगा वाजत नाही, आणि गोठ्याचा दिवा लावला की उगाच वाजतो. – शेतकरी, सिंधुदुर्ग

उत्तर : दादा, चालू-बंद करण्याचा खरा उपयोग इथेच आहे. सध्या तुमचा सेन्सर फक्त ‘उजेड आहे का’ एवढंच बघतोय, आणि ऊन हाही उजेडच. लेझर सेकंदाला पाच-सात हजार वेळा चालू-बंद करा आणि सेन्सरला सांगा की फक्त एवढ्या वेगाने लुकलुकणारा उजेड मोज. ऊन लुकलुकत नाही, आणि आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, दोन्ही सहज वेगळे काढता येतात.

वरच्या उत्तरातलंच ५५५ घ्या, फक्त एक ऐवजी १० नॅनोफॅरड लावा, साधारण ६.९ किलोहर्ट्झ मिळतील. सेन्सर म्हणून एलडीआर, म्हणजे उजेडाने बदलणारा रेझिस्टर, असेल तर तो बदलावाच लागेल, त्याला बदलायला काही मिलिसेकंद लागतात, या वेगाला तो काहीच करू शकत नाही. फोटोट्रान्झिस्टरही कडक उन्हात पटकन भरून जातो. बीपीडब्ल्यू ३४ हा फोटोडायोड घ्या, उलट्या व्होल्टेजवर लावा, लोडला एक किलोओहम पुरे, त्यावर उन्हातही तो भरणार नाही. तिथून १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर आणि १० किलोओहम ग्राउंडला, म्हणजे १.६ किलोहर्ट्झच्या खालचं सगळं गळून जातं, ऊनही आणि दिवाही. मग ऑपॲम्प या ॲम्प्लिफायर चिपने सिग्नल मोठा करून एका डायोड-कपॅसिटरने त्याचा डीसी, म्हणजे स्थिर व्होल्टेज, बनवा, तो डीसी आहे तोवर किरण शाबूत, गेला की भोंगा. भोंग्याला पाव सेकंद उशीर ठेवा, नाहीतर पान आडवं आलं तरी गाव जागा होईल. पार्ट गावात मिळाले नाहीत तर मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ कुणाकरवी मागवा, ऑनलाइनही मिळतात.

फोटोडायोडला तीन-चार इंच लांब काळ्या पाइपच्या तुकड्यात आत बसवा आणि शक्यतो उत्तरेकडे तोंड करा, म्हणजे ऊन थेट पडतच नाही, अर्धी कटकट तिथेच मिटते. लेझर आणि सेन्सर दोन्ही लोखंडी खांबावर, सिमेंटमध्ये पक्के. बांबू वाऱ्याने आणि उन्हाने हलतो, पन्नास मीटरवर ठिपका वीतभर सरकायला खांब एवढासा कलला तरी पुरतं. किरणाची उंची गुडघ्याच्या खाली ठेवा, डुक्कर सापडतं आणि माणसाच्या डोळ्यात जात नाही, फक्त लहान पोरं त्या बांधावर खेळत असतील तर दिवसा स्विच बंद ठेवा. आणि पॉइंटर रात्रभर सलग चालवायला बनवलेला नसतो, तो तापतो, त्याऐवजी ५ व्होल्टचं लाल लेझर मॉड्यूल घ्या आणि ॲल्युमिनियमच्या जाड तुकड्यात पक्कं बसवा. मॉड्यूलच्या आतही ती छोटी पट्टी असते, तेव्हा ६.९ किलोहर्ट्झला ते खरंच विझतंय का हे बांधावर लावायच्या आधी घरीच बघून घ्या. पावसाळ्यात धुक्याने आणि जोरदार सरींनी किरण तुटणार, तेवढे महिने भोंग्याचा उशीर एक सेकंदापर्यंत वाढवा आणि लेन्सवर रोज एक हात फिरवा, कोळी फार लवकर घर करतात.